दगडांतली बाग आणि दोन ड्रम पाणी

साखर कारखान्यात माळी असतो, असं सांगितलं की लोक हसतात. कारखाना म्हणजे धुराडं, उसाच्या गाड्या, मळीचा वास. तिथं माळ्याचं काय काम? पण होतं. आमच्या सहकारी कारखान्याच्या आवारात सात एकर बाग होती आणि तिच्यावर मी एकतीस वर्षं काढली. गेटपासून ऑफिसपर्यंत अशोकाच्या रांगा, गेस्ट हाऊसपुढं हिरवळ, गुलाबाचे बारा वाफे, मोगऱ्याचं कुंपण. वार्षिक सभेला आलेले सभासद सभा सोडून बागेत येऊन बसायचे. एक सभासद तर दरवर्षी गुलाबाची फांदी मागायचा, दरवर्षी घरी नेऊन वाळवून टाकायचा, आणि पुढच्या वर्षी येऊन मलाच म्हणायचा, ‘मामा, तुमचा गुलाब काय खरा न्हाई बरं का.’

या सात एकरांतल्या एका लहान तुकड्याविषयी मला लिहायचंय. वीस हात लांब, बारा हात रुंद. तिथं मी जे शिकलो ते कुठल्याही माळ्याला उपयोगी पडेल. आणि तिथं मी जे केलं, ते आजवर घरातसुद्धा कुणाला सांगितलेलं नाही.

आमचे चेअरमन एकदा परदेशात गेले होते. बिटाची साखर कशी करतात ते बघायला संचालक मंडळाचा दौरा होता. बिटाचं पुढं काय झालं ते मला माहीत नाही, पण साहेब परत आले ते फुलांचे फोटो घेऊन. दगडांचा उतार, आणि दगडांच्या फटीफटींतून जांभळ्या, गुलाबी, पांढऱ्या फुलांचे गालिचे.

‘लिंबाजी, बघा. वितीच्या वर जात नाहीत ही झाडं. नुसती पसरतात. एकदा लावली की वर्षानुवर्षं राहतात. आपल्या गेस्ट हाऊसपुढं हे पाहिजे.’

मी म्हणालो, ‘साहेब, ही बर्फाळ डोंगरातली झाडं दिसतात.’

‘दगड आहेत ना आपल्याकडं?’

‘दगडाला काय तोटा साहेब.’

‘मग झालं तर.’

दिवाळीनंतर थंडी पडली तेव्हा हिमाचलातल्या एका रोपवाटिकेचा माणूस पेट्या घेऊन परळीला रेल्वेतून उतरला. ठाकूर नाव. साठीचा, बुटका, कमी बोलणारा. मी त्याला आणायला गेलो होतो. वारा कोळशाच्या वीज केंद्राकडून होता. त्यानं पेटीच्या झाकणावरून बोट फिरवलं, बोटावरची राख बघितली, मग धुराड्यांकडं बघितलं आणि काही न बोलता जीपमध्ये बसला. जागेवर आल्यावर त्यानं आमची काळी माती भिजवून मुठीत दाबली. मूठ उघडली तरी गोळा तसाच.

‘ये मिट्टी नहीं, गोंद है,’ तो म्हणाला.

तो तीन दिवस राहिला आणि त्या तीन दिवसांत त्यानं मला जे शिकवलं ते मी साध्या शब्दांत सांगतो. ही झाडं उंच डोंगरात, दगडगोट्यांत वाढतात. थंडीला ती भीत नाहीत, वाऱ्याला भीत नाहीत, उपासाला तर मुळीच नाही. ती भितात मुळाशी साचलेल्या पाण्याला. झाड जिथं जमिनीला टेकतं त्या जागेला आम्ही मान म्हणतो. ती मान ओली राहिली की झाड मधून काळं पडतं. कडेची पानं हिरवीच असतात, म्हणून कळत नाही. हात लावला की अख्खं झाड हातात येतं, खाली मूळच नसतं. म्हणून काळी माती कमरेइतकी खोल काढून टाकायची, तळाला विटांचे तुकडे, वर मुरूम, वर भरड वाळू, आणि प्रत्येक झाडाच्या मानेभोवती बोटभर जाडीची खडी. पाणी द्यायचं ते मुळाशी, थोडं, आणि मातीत बोट घालून कोरडं लागलं तरच.

जाताना ठाकूर म्हणाला, ‘भाई, ये प्यास से नहीं मरेंगे। आपके प्यार से मरेंगे।’

तसंच झालं. पहिल्या वर्षी मी त्याच्या नकळत वाळूत कारखान्याची कुजवलेली मळी, म्हणजे उसाचा रस गाळून उरलेला गाळ, मिसळली. आमच्याकडं मळीचे ढीग पडलेले, आणि मळीवर माझे गुलाब वाटीएवढे यायचे. मला वाटलं, बिचारी लांबून आलीत, चार घास चांगले मिळू देत. महिन्याभरात झाडं अशी फोफावली की मी खुश. ती फोफावलेली, पाणचट झाडं मेच्या पहिल्या आठवड्यात आडवी झाली. गरिबीत वाढणाऱ्या झाडाला श्रीमंत माती दिली की त्याचं अंग सुटतं आणि जीव जातो. जी उरली त्यांतली निम्मी पावसाळ्यात मानेतून कुजली. साहेबांनी विचारलं की मी सांगायचो, ‘झोपलीत साहेब, थंडीत उठतील.’

त्या बागेत माझ्या हाताखाली गयाबाई होती. घाटनांदूरच्या पुढं दोन कोसांवरच्या वाडीची. नवरा-बायको ऊसतोडीला जायचे. तिथं कोयत्यानं तिच्या डाव्या हाताची दोन बोटं गेली आणि पुढच्या वर्षी नवरा गेला. मग आमच्या कारखान्यानं तिला बागेत रोजंदारीवर घेतलं. आवारामागं तारेच्या कुंपणापलीकडं रोजंदारीवाल्यांच्या झोपड्या होत्या, त्यांतल्या एकीत ती राहायची. दगडातल्या बागेला लव्हाळ्याचा फार त्रास. लव्हाळा वरून उपटला तर दुप्पट येतो, त्याची गाठ खालून काढावी लागते, आणि दगडाच्या फटीत खुरपं जात नाही. गयाबाई उरलेल्या तीन बोटांनी ती गाठ अशी अलगद काढायची की शेजारच्या झाडाला कळायचंसुद्धा नाही. राख बसली की ती जुन्या कुंच्यानं एकेक पान झाडायची. धुवायची नाही, कारण धुतलं की मान भिजते. हे तिला एकदाच सांगावं लागलं होतं.

झाडांना तिनं आपली नावं ठेवली होती. त्यांतल्या जाड, रसरशीत पानांच्या सेडमला ती घोळ म्हणायची, कारण दिसतं तसंच. एका संचालकांच्या आईनं तर गेस्ट हाऊसला मुक्काम असताना पहाटे उठून ओचाभर सेडम खुडलं आणि आचाऱ्याला भाजी करायला लावली. मी धावत गेलो तर म्हातारी म्हणाली, ‘घोळ जरा कवळी हाय, पन अळनी लागती कावून रे, मीठ कमी पडलं का तुझ्या रानाला?’ गयाबाई तोंडाला पदर लावून दिवसभर हसत होती.

दुसऱ्या वर्षी मी शहाणा झालो. मळी सगळी काढून टाकली. जागा गेस्ट हाऊसच्या उत्तरेला, सावलीच्या बाजूला हलवली. या झाडांना ऊन सोसतं, पण त्यांच्या डोंगरात सूर्य मावळला की गारवा येतो. आमचे दगड तापले की पहाटेपर्यंत निवत नाहीत. म्हणून वर उसाच्या पाचटाचा मांडव घातला. मधून विरळ झालेली झाडं उपटून, फोडून, कडेचे कोंब पुन्हा लावले. आणि त्याच वर्षी पाऊस आला नाही.

मृगात नाही, पोळ्याला नाही, गौरींना नाही. सगळीकडची पिकं करपत होती आणि आमची डोंगरातली झाडं मानेला ओल न लागल्यामुळं टवटवीत उभी होती. माघात ती फुलली. फोटोतल्यासारखी नाही, पण फुलली. दगडावर गुलाबी ठिपके बघून गयाबाई म्हणाली, ‘मामा, दुस्काळ मानवला बगा ह्यांना. साऱ्या मुलखात एवढ्यांनाच.’

ऊस नव्हता, गाळप लवकर संपलं. धुराडं थंड झालं. तळं आटलं, विहिरी आटल्या, आणि कारखान्याला टँकर सुरू झाला. पाण्याची यादी झाली: ऑफिस, कॉलनी, गेस्ट हाऊस. कुंपणापलीकडच्या झोपड्या यादीत नव्हत्या. ते कारखान्याचे कायम कामगार नव्हेत, असं उत्तर मिळालं. तिथल्या बाया दीड कोसावरच्या एका विहिरीवर जायच्या आणि झऱ्यातून वाटीवाटीनं घागर भरायच्या.

बागेचं पाणी बंद करा, असं ठरत होतं. तेवढ्यात मे महिन्यात मुंबईहून मोठी पाहुणेमंडळी येणार असल्याचं कळलं. साहेबांनी मला बोलावलं. ‘बाकी बाग जळाली तर जळू द्या. पण ती दगडातली बाग दिसली पाहिजे. किती पाणी लागेल?’

खरं उत्तर होतं चार झाऱ्या, एक दिवसाआड. मी म्हणालो, ‘दोन ड्रम साहेब, रोज.’

मी का म्हणालो? गुलाबांसाठी. बारा वाफे मी स्वतः डोळे भरून, एकेक कलम बांधून तयार केलेले. काही झाडं माझ्या मुलीपेक्षा वयानं मोठी. ती डोळ्यांदेखत वाळणार होती. मी हिशेब केला की डोंगरातल्या झाडांच्या नावावर पाणी घ्यायचं आणि गुलाब जगवायचे. माणसं तहानेली असताना मी गुलाबांचा विचार केला, हे लिहायला आज लाज वाटते. तेव्हा वाटली नाही. माळ्याला आपलं झाड तेवढं दिसतं, अशी मी मनाची समजूत घातली.

गयाबाईला हे सगळं माहीत होतं. झाऱ्या तीच घालायची. त्याच सुमाराला तिची मुलगी सुमन बाळंतपणाला आली. वाडीवर तर पिण्यालाही पाणी नव्हतं, म्हणून इथं झोपडीत. मुलगा झाला. त्यानंतर गयाबाई दुपारी, माणसं सावलीला गेली की, ड्रममधून एक हंडा भरून कुंपणाच्या फटीतून पलीकडं द्यायची. मी बघायचो आणि पाठ फिरवून गुलाबाची छाटणी करायचो. आमच्यात त्याविषयी एक शब्दही झाला नाही. मला वाटायचं, न बोलणं हीच माझी मदत.

अकरा दिवस असं चाललं. बाराव्या दिवशी वॉचमननं तिला हंड्यासकट धरलं. साहेब त्या दिवशी आवारातच होते. ते चालत बागेत आले. मागं वॉचमन, ऑफिसची दोन माणसं. हंडा जमिनीवर ठेवलेला, गयाबाई शेजारी उभी.

‘बाई, हे पाणी कशासाठी आहे माहीत आहे ना?’

‘म्हाईत हाय साहेब. लेक बाळंतीण हाय माझी. आज तेरावा दिस.’

‘मग मागायचं. चोरी कशाला?’

‘मागिटलं व्हतं साहेब. हापिसात गेलते. यादीत न्हाई म्हनले.’

साहेबांनी हंड्याकडं बघितलं. आवाज चढवणारा माणूस नव्हता तो. म्हणाले, ‘झाडं मेली तर पाहुण्यांना काय दाखवू?’

तेव्हा गयाबाई पहिल्यांदा मान वर करून बोलली. ‘झाडं मरत न्हाईत साहेब. त्यांना इतकं पानी लागतच न्हाई. जास्ती झालं तर कुजतेत ती. मामांनाच इचारा, त्यांनीच शिकिवलंय मला.’

साहेबांनी माझ्याकडं बघितलं. ‘खरं का लिंबाजी?’

मला ‘होय’ म्हणायचं होतं. तो शब्द तोंडात होता. पण होय म्हटलं की पुढचा प्रश्न येणार: मग दोन ड्रम कशाला मागितले? आणि दहा पावलांवर माझे गुलाब ओल्या आळ्यांत उभे होते. मी गयाबाईकडं बघितलं नाही.

‘नाही साहेब,’ मी म्हणालो. ‘लागतं. दोन्ही ड्रम लागतात.’

गयाबाईनं हंडा उचलून पाणी परत ड्रममध्ये ओतलं, एक थेंब न सांडता. कमरेचं खुरपं काढून ड्रमच्या कडेवर ठेवलं. आणि गेली. संध्याकाळपर्यंत झोपडी रिकामी झाली. सुमन बाळाला घेऊन माळावरून चालत गेली, असं मला दुसऱ्या दिवशी शेजारच्या बाईनं सांगितलं.

साहेबांनी जाताना वॉचमनला हुकूम दिला. ‘उद्यापासून दोन्ही ड्रम तुझ्यासमोर याच बागेत पडले पाहिजेत. दुसरीकडं थेंब जाता कामा नये.’

दुसऱ्या सकाळपासून वॉचमन खुर्ची टाकून बसायला लागला आणि मी माझ्या हातानं, रोज दोन ड्रम पाणी त्या वीस बाय बारा हातांच्या तुकड्यावर ओतत राहिलो. नको म्हणायला तोंड नव्हतं. तापलेल्या दगडांत ओली माती म्हणजे झाकण ठेवलेलं पातेलं. आत मुळं शिजतात. पाणी दगडांखालून निघून वाटेवर यायचं. कुंपणापलीकडच्या बाया कोरड्या घागरी घेऊन निघताना तिथं थांबायच्या आणि ते वाहणारं पाणी बघायच्या. शिव्या दिल्या असत्या तर बरं झालं असतं. त्या फक्त बघायच्या.

पाचव्या दिवशी मी फ्लॉक्सच्या, त्या गुलाबी फुलांच्या पसरट झाडाच्या, एका गादीला हात लावला. कडेनं हिरवीगार होती. अख्खी हातात आली. खाली काळा चिखल आणि सडका वास. दहाव्या दिवशी सेडम पारदर्शक होऊन विरघळलं. पंधराव्या दिवशी नुसते दगड होते, ओले. आणि पलीकडं गुलाबांच्या बाराही वाफ्यांत काटक्या उभ्या होत्या. त्यांना एक थेंब मिळाला नव्हता. एका बोटभर जिभेनं मी दोन्ही बागा मारल्या होत्या, आणि तेवढ्यावरच थांबलं असतं तर मी हे लिहिलंही नसतं.

पाहुणे आले. पोर्चमध्ये उतरले, रुमालानं तोंड पुसत सरळ आत गेले. दगडांकडं कुणी बघितलंसुद्धा नाही. साहेब मला एवढंच म्हणाले, ‘आपल्या हवेत नाही जमत, लिंबाजी. तुमचा दोष नाही.’

पाऊस पुढच्या वर्षी आला. पेरण्या झाल्या, मुगाला शेंगा धरल्या, तेव्हा एका रविवारी मी घाटनांदूरला एसटीतून उतरलो आणि चालत वाडीवर गेलो. काय बोलायचं ते वाटेत घोळवत होतो. गयाबाई दारात मुगाच्या शेंगा सोलत बसलेली. मला बघून उठली, पदर सावरला.

‘या मामा. बसा.’

मी बसलो. आत सुमन दिसली. तिनं बघितलं आणि ती मागल्या दारानं निघून गेली. काही तरी विचारायचं म्हणून मी विचारलं, ‘नातू कुठाय?’

गयाबाई शेंगा सोलत राहिली. मग म्हणाली, ‘न्हाई राह्यला. हितं आलो तवा बारवंतलं तळाचं गढूळ पानी पेत व्हतो सारे. सुमनला हगवन लागली, दूध आटलं. मग त्याला त्येच पानी साखर टाकून पाजलं. आठ दिसांनी गेला.’

मी येताना जुळवलेलं सगळं तिथंच विसरलो. एवढंच म्हणालो, ‘गयाबाई, त्या दिवशी मी खोटं बोललो. माझ्या गुलाबांसाठी.’

‘म्हाईत हाय की मला. मीच न्हवते का तिथं.’

‘मी खरं बोललो असतो तर...’

‘तर काय झालं असतं, त्ये कोन सांगावं,’ ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. तो असता तर मला काही धरायला मिळालं असतं. ‘साहेबानं मला काडलंच असतं. न्हाई तर यादीत घातलं असतं. पन मामा, तुमी माझ्याकडं बगितलंबी न्हाई. लई वाटलं मला त्याचं. मला वाटलं व्हतं, तुमी बोलताल.’

मी खाली बघत होतो. मुगाच्या दाण्यांतून ती किडके दाणे बाजूला सारत होती, त्याच तीन बोटांनी. मी उठायला लागलो तेव्हा ती म्हणाली, ‘थांबा. असं जाऊ नका दारातून.’

आत जाऊन ती तांब्याभर पाणी घेऊन आली. मी हात पुढं केला, पण तांब्या हातात घेऊनही मला तो तोंडाला लावता येईना. तिला वाटलं, मी पाण्याला घाबरलो.

‘घ्या,’ ती म्हणाली, ‘उकळलेलं हाय. आता आमी उकळूनच पितो.’